मुळाच्या उंबरठ्यावरील आम्ल : वनस्पतिपेशींतील प्रोटॉन पंपांविषयी प्रस्तावना

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या मृद आरोग्य पत्रिकेत जमिनीच्या बारा गुणधर्मांची नोंद असते, आणि त्यांत सामूची ओळ अगदी वर असते. गोदावरी, मांजरा, मन्याड आणि तेरणा यांच्या खोऱ्यांतील काळ्या जमिनीसाठी हा आकडा बहुधा साडेसात ते साडेआठच्या दरम्यान येतो, त्यापुढे ‘विम्लधर्मी’ असा शेरा असतो आणि वाचणाऱ्याचे लक्ष सहसा लगेच नत्र, स्फुरद, पालाशाच्या ओळींकडे वळते. तो आकडा मातीचा असतो, मुळाचा नसतो. मुळाच्या पृष्ठभागालगतच्या एक-दोन मिलिमीटर मातीत सामू वेगळा असतो, काही पिकांत शेतातील सामूपेक्षा दोन अंकांनीही वेगळा, आणि हा फरक मुळाने स्वतःची शक्ती खर्चून घडवलेला असतो. पत्रिकेवरील नत्र, स्फुरद आणि लोह यांपैकी किती अंश पिकाच्या पदरात पडेल, हे बऱ्याच अंशी या अरुंद पट्टीत ठरते. त्या पट्टीचा सामू राखणारी यंत्रणा म्हणजे पेशीपटलातील प्रोटॉन पंप, आणि मराठवाड्याच्या चुनखडीयुक्त जमिनीत पिके कशी जगतात हे समजून घ्यायचे तर सुरुवात तेथूनच करावी लागते.

हायड्रोजनच्या अणूतून त्याचा एकुलता एक इलेक्ट्रॉन काढून घेतला की जो धनभारित कण उरतो तो प्रोटॉन होय. पाण्यात तो सुटा राहत नाही, पाण्याच्या रेणूंना चिकटून हिंडतो, आणि द्रवात असे कण जितके अधिक तितका तो द्रव आंबट असतो. सामू हे याच गर्दीचे उलटे मोजमाप आहे. तो एका अंकाने घटला की प्रोटॉनांची संख्या दहापट झालेली असते. वनस्पतीच्या प्रत्येक पेशीभोवती सेल्युलोजची सच्छिद्र पेशीभित्तिका असते आणि तिला आतून चिकटलेले स्निग्ध द्रव्याचे अतितलम पेशीपटल असते. भित्तिकेतून पाणी आणि क्षार सहज आत-बाहेर होतात, परंतु पेशीपटल विद्युतभार असलेल्या कोणत्याही कणाला आपण होऊन वाट देत नाही. या पटलात रोवलेली काही प्रथिने पेशीतील एटीपी या ऊर्जावाहक रेणूचे विघटन करतात आणि मिळालेल्या ऊर्जेवर आतला प्रोटॉन बाहेर ढकलतात. एका एटीपीमागे एक प्रोटॉन, असा हा हिशेब आहे. परिणामी पेशीच्या आत सामू साडेसातच्या आसपास टिकून राहतो आणि बाहेरच्या भित्तिकेत तो साडेपाचपर्यंत उतरतो, म्हणजे आतल्यापेक्षा बाहेर प्रोटॉनांची दाटी शंभरपट होते. धनभार बाहेर गेल्यामुळे पेशीची आतली बाजू ऋण होते आणि पटलाच्या दोन बाजूंत सुमारे 150 मिलिव्होल्टचा दाब निर्माण होतो. हा आकडा क्षुल्लक वाटतो खरा, पण पटलाच्या गाभ्याची जाडी मीटरच्या अब्जाव्या भागाच्या पाचपटीएवढीच असल्याने तेथील विद्युत क्षेत्र मीटरमागे तीन कोटी व्होल्ट इतके भरते.

‘पंप’ हा शब्द मराठवाड्यात उच्चारला की विहिरीवरची मोटर डोळ्यांसमोर येते, आणि ही उपमा काही अंतरापर्यंत चांगली साथ देते. मोटर वीज खर्चून पाणी उंच टाकीत चढवते, आणि मग त्या उंचीच्या बळावर पाणी नळाने हवे तेथे जाते. पेशीही एटीपी खर्चून प्रोटॉन बाहेर ‘चढवते’ आणि परत आत येऊ पाहणाऱ्या त्या प्रोटॉनांच्या ओढीवर आपली बाकीची कामे उरकते. नत्राचा नायट्रेट कण आत घेणे, स्फुरदाचा फॉस्फेट कण घेणे, पानात तयार झालेली साखर रसवाहिन्यांत भरणे ही त्यांतील काही कामे. या प्रत्येक कामासाठी पटलात स्वतंत्र वाहक प्रथिन असते आणि आत येणाऱ्या प्रोटॉनासोबत ते आपला माल आत आणते. जेथे उपमा तुटते ते स्थळही लक्षात ठेवायला हवे: येथे द्रव उचलला जात नाही, भार उचलला जातो, आणि टाकी भरली की मोटर बंद करता येते तशी सोय पेशीला नसते, कारण पटल किंचित पाझरते आणि वाहकांचा राबता अखंड चालू असतो. पेशीच्या एकूण एटीपीपैकी पाव ते निम्मा भाग केवळ या पंपांवर खर्च होतो, असे अंदाज आहेत.

प्राण्यांच्या पेशींनी हेच काम सोडियमवर सोपवले आहे. त्यांच्या पटलातील सोडियम-पोटॅशियम पंप डेन्मार्कचे येन्स स्कोऊ यांनी 1957 मध्ये दाखवून दिला आणि त्यासाठी त्यांना 1997 मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्राण्याच्या पेशीभोवती मिठाचे रक्तद्रव असते, म्हणून सोडियमची साठवण तिला परवडते. वनस्पतीच्या मुळाभोवती मात्र पावसाचे जवळजवळ निर्मळ पाणी असते, तेथे सोडियमची खात्री नसते आणि जास्त सोडियम तिला विषासमान ठरतो. प्रोटॉन मात्र पाणी आहे तेथे सर्वत्र आहे. वनस्पती, बुरशी आणि जिवाणू यांनी प्रोटॉनाची निवड केली, आणि हा फरक सजीवांमधील एक मूलभूत फरक मानावा लागतो, जरी शालेय पाठ्यपुस्तकांत त्याला क्वचितच जागा मिळते.

प्रोटॉनांच्या अशा चढ-उतारात ऊर्जा साठते, ही कल्पना ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मिचेल यांनी 1961 मध्ये मांडली तेव्हा ती फारशी कोणाला पटली नव्हती, कारण त्या काळचे जीवरसायनशास्त्रज्ञ ऊर्जेचा एखादा मध्यस्थ रेणू शोधत होते आणि मिचेल सांगत होते की मध्यस्थ रेणू नाहीच, पटलाच्या दोन बाजूंमधील फरक हाच मध्यस्थ आहे. 1966 मध्ये आंद्रे जागेनडॉर्फ यांनी पालकाच्या हरितलवकांतील पटले आधी आम्लात मुरवली आणि मग अंधारातच विम्ल द्रवात टाकली. प्रकाशाचा किरणही नसताना त्यांत एटीपी तयार झाले. मिचेल यांना 1978 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. हरितलवक आणि तंतुकणिका प्रोटॉनांच्या प्रवाहातून एटीपी घडवतात आणि पेशीपटलातील पंप तेच एटीपी मोडून प्रोटॉनांचा नवा उतार उभारतो.

पेशीपटलातील पंपाची घडण आता पुष्कळ तपशिलाने ज्ञात झाली आहे. मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस या लहानशा वनस्पतीत या पंपाची अकरा जनुके आहेत, आणि त्यांपैकी एएचए-2 या पंपाची स्फटिकरचना डेन्मार्कमधील संशोधकांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केली. पटलातून दहा वेळा आरपार गेलेली प्रथिनाची साखळी, तिच्या आतल्या बाजूला एटीपी धरणारा भाग, आणि शेवटी सुमारे शंभर अमिनो आम्लांचे एक शेपूट, असे तिचे रूप आहे. हे शेपूट पंपाचा ब्रेक आहे. ते पंपावर दुमडून बसले की काम मंदावते. त्याच्या टोकाजवळच्या थ्रिओनिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट बसले आणि त्यावर ‘14-3-3’ या नावाचे प्रथिन चिकटले की ब्रेक सुटतो. पेशीला प्रकाश, संप्रेरके, मीठ, कोरड यांची जी वार्ता लागते, ती अखेर या शेपटाच्या टोकापर्यंत पोहोचते. बदाम आणि पीच यांच्या झाडांवर वाढणाऱ्या एका बुरशीने हा ब्रेक आपल्या फायद्यासाठी वापरला आहे. तिचे फ्युसिकॉक्सिन हे विष इटलीत 1964 मध्ये वेगळे करण्यात आले. ते शेपूट आणि ‘14-3-3’ यांचा जोड असा घट्ट बसवते की पंप थांबतच नाही, पानांवरची रंध्रे उघडी राहतात आणि पान उभ्या उभ्या वाळते. पंपाच्या नियमनाविषयी आज जे माहीत आहे त्यातील बराच भाग या विषाच्या अभ्यासातून हाती आला.

काळ्या मातीत हे सारे अधिक कठीण होते. नांगराच्या तासात पांढरे चुनखडीचे खडे वर येतात, ते कॅल्शियम कार्बोनेट असते, आणि मूळ जो प्रोटॉन बाहेर टाकते त्याला ते तत्काळ खाऊन टाकते. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ युलियस साक्स यांनी 1860 च्या दशकात गुळगुळीत संगमरवरी फरशीवर मुळे वाढवली तेव्हा फरशीवर मुळांची नक्षी कोरली गेल्याचे त्यांना आढळले. संगमरवरही कॅल्शियम कार्बोनेटच असल्याने चुनखडीच्या शेतात प्रत्येक मूळ साक्स यांचा प्रयोग पुन्हा करत असते, असे म्हणण्यास हरकत नाही. त्या कोरण्यात मुळाच्या श्वसनातून सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचाही वाटा असतो, आणि दीर्घकाळ सर्व श्रेय त्यालाच दिले गेले. दगड कोरण्यात खर्ची पडलेला प्रोटॉन स्फुरद आणि लोह सोडवायला मात्र उरत नाही, आणि या जमिनीतील स्फुरदाचा मोठा भाग कॅल्शियमशी बांधलेला असतो. डायअमोनियम फॉस्फेटच्या गोणीतून पडलेला स्फुरदही काही काळात त्याच बंधनात जातो. मूळ त्याच्यापर्यंत पोहोचते, तेथे आम्ल ओतते, बंधन सैल करते आणि सुटलेला फॉस्फेट कण प्रोटॉनासोबत आत घेते, म्हणजे एकाच स्फुरदासाठी पंपाला दोनदा राबावे लागते.

लोहाची गोष्ट त्याहून बिकट आहे. मराठवाड्याच्या मातीत लोह वजनाने विपुल असते, पण त्रिसंयुज लोहाची विद्राव्यता सामू एका अंकाने वाढला की हजारपटीने घटते, त्यामुळे सामू आठच्या जमिनीत पीक लोहाच्या ढिगावर उभे राहून लोहासाठी तरसते. गव्हा-ज्वारीसारखी गवतवर्गीय पिके मुळांतून लोहाला पकडून ठेवणारी विशिष्ट संयुगे सोडतात आणि लोहासकट परत घेतात. ही रीत सामूवर फारशी अवलंबून नसते. सोयाबीन, भुईमूग, हरभरा ही द्विदल पिके दुसऱ्या वाटेने जातात: आधी पंपाने मुळालगत आम्ल करायचे, मग पटलातील एका विकराने, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाने, त्रिसंयुज लोहाचे द्विसंयुज लोह करायचे, आणि मग ते आत घ्यायचे. या साखळीची पहिलीच कडी चुनखडीला सर्वांत आधी बळी पडते. पावसाने माती ओली राहिली आणि मुळांच्या श्वसनाचा वायू बाहेर पडू शकला नाही की मातीत बायकार्बोनेट वाढते आणि पंपाचे प्रोटॉन ते जागच्या जागी मुरवून टाकते. मग सोयाबीनची कोवळी पाने पिवळी होतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. गावोगाव त्याला ‘केवडा पडला’ असे म्हणतात. पिवळ्या मोझॅक विषाणूच्या रोगालाही लोक हाच शब्द लावतात, म्हणून शेतात उभे राहून शिरांकडे पाहणे महत्त्वाचे ठरते. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, पाण्यात विरघळवून पानांवर फवारली की पिकाला उभारी येते, ती यामुळेच की मुळाच्या उंबरठ्यावर अडलेले लोह पानाच्या वाटेने आत पोहोचते.

या दोन जिल्ह्यांत गेल्या तीन दशकांत खरिपाची ज्वारी मागे पडून सोयाबीन पुढे आले, आणि लातूरचा अडत बाजार सोयाबीन आणि तुरीच्या नावाने ओळखला जाऊ लागला. पंपाच्या दृष्टीने पाहिले तर गवतवर्गीय पीक जाऊन त्या जागी लोहासाठी आम्लावर विसंबणारे पीक आले, आणि तेही चुनखडीच्या जमिनीत. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या एमएयूएस मालिकेतील सोयाबीन वाणांचा विचार यापुढे या अंगानेही व्हायला हवा. दाण्याचा उतारा आणि रोगप्रतिकार यांच्याबरोबर मूळ किती आम्ल टाकते, ही मोजणी वाणनिवडीच्या तक्त्यात असायला हवी.

हरभऱ्याचे उदाहरण येथे तपशिलाने सांगण्यासारखे आहे. पौष-माघातील पहाटे हरभऱ्याच्या शेतात दव पडलेले असते. त्या दवावर पातळ धडुते फिरवून किंवा रात्रभर पिकावर पसरून ठेवून सकाळी पिळले तर आंबट, तुरट पाणी निघते. त्याला आंब म्हणतात आणि पोटाच्या तक्रारींवर ती जपून ठेवण्याची रीत जुनी आहे. हरभऱ्यातून अनवाणी चालणाऱ्याच्या पायाला ती झोंबते. पानांवरील बारीक ग्रंथिल केसांतून ही आंब स्रवते आणि तीत मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असते. पानावरील केसांची स्रावक्रिया मुळापेक्षा वेगळी असली तरी एक गोष्ट त्यातून उघड दिसते: पेशी स्वतः जवळजवळ उदासीन राहून बाहेर किती तीव्र आम्ल ठेवू शकते. मुळाकडे हेच काम दोन वाटांनी होते. सायट्रिक आम्लाचा ऋणभारित अंश पटलातील मार्गिकेतून बाहेर झिरपतो आणि पंप प्रोटॉन बाहेर पाठवून भाराचा तोल राखतो. बाहेर दोघे मिळून कॅल्शियमशी बांधलेला स्फुरद सोडवतात. काळ्या जमिनीत, खत मोजके टाकूनही, हरभरा रब्बीत समाधानकारक येतो त्यामागचे एक कारण हे आहे.

तुरीचे कसब याहून निराळे आहे. हैदराबादजवळच्या पटणचेरू येथील इक्रिसॅट या संस्थेत जपानी आणि इतर संशोधकांनी केलेल्या कामातून 1990 मध्ये असे पुढे आले की तुरीचे मूळ पिसिडिक आम्ल सोडते आणि ते लोहाला पकडून लोहाशी बांधलेला स्फुरद मोकळा करते. ही क्षमता लाल जमिनीत अधिक उपयोगी पडते, कारण तेथे स्फुरद लोहाशी बांधलेला असतो. काळ्या जमिनीत ती तेवढी कामी येत नाही. कडधान्य म्हणजे स्फुरद सोडवणारे पीक, असा सरसकट समज करून घेण्यापेक्षा कोणत्या मातीत कोणते आम्ल कोणत्या बंधनावर चालते हे पाहणे अधिक प्रामाणिक आहे. डाळवर्गीय पिकांचा आणखी एक गुण मात्र सर्वत्र लागू पडतो. गाठींतील जिवाणूंकडून हवेतील नत्र मिळत असल्याने त्यांना मातीतून नायट्रेट कमी घ्यावे लागते, धनभारित क्षार ऋणभारित क्षारांपेक्षा अधिक घेतले जातात आणि भाराचा तोल राखण्यासाठी मूळ प्रोटॉन बाहेर टाकते. याच कारणाने अमोनियम रूपातील नत्र घेणारे मूळ आपल्याभोवती आम्ल करते आणि नायट्रेट घेणारे मूळ विम्लता वाढवते. अमोनियमयुक्त खत स्फुरदासोबत तासात पेरून देण्याच्या शिफारशीचा अर्थ येथे उलगडतो.

मराठीत ‘वाफसा’ असा एक शब्द आहे, त्याला पर्याय नाही. पाऊस पडून गेल्यावर माती चिखलही नाही आणि कोरडीही नाही, ओल आणि हवा दोन्ही तिच्या पोटात आहेत, अशा स्थितीला शेतकरी वाफसा म्हणतो आणि तो आल्याशिवाय तिफण किंवा कोळपे शेतात घालत नाही. पंपाच्या अभ्यासकाला हा शब्द फार मोलाचा वाटतो. ऑक्सिजन असताना एका ग्लुकोजपासून सुमारे तीस एटीपी मिळतात. ऑक्सिजन संपला की केवळ दोन. भारी काळ्या जमिनीत अतिवृष्टीचे पाणी दोन-तीन दिवस साचून राहिले की मुळांच्या पेशींत एटीपीचा दुष्काळ पडतो, पंप मंदावतात, आतला प्रोटॉन बाहेर जात नाही आणि पेशीद्रवच आंबट होऊ लागते, आणि मुळाची टोके मरतात ती पुष्कळदा या आतल्या आम्लानेच. वर उभे पीक पाण्यात असूनही मलूल दिसते, कारण पंपाविना नत्रही आत येत नाही आणि मुळाची पाणी आत घेण्याची क्षमताही घटते. पाणी काढून देण्यासाठी चर खोदणारा शेतकरी प्रत्यक्षात मुळांच्या पंपांना ऊर्जा पुरवत असतो.

पेशीच्या आतही प्रोटॉन पंप आहेत. प्रौढ वनस्पतिपेशीचा बहुतेक भाग रिक्तिका नावाच्या पाण्याच्या पिशवीने व्यापलेला असतो आणि तिच्या पटलात दोन प्रकारचे पंप असतात. एक पुष्कळ उपघटकांचा, एटीपीवर फिरणारा, चाकासारख्या गतीने काम करणारा. दुसरा पायरोफॉस्फेट या रेणूवर चालणारा, म्हणजे पेशीच्या बांधकामात उरलेल्या ‘टाकाऊ’ ऊर्जेचा उपयोग करून घेणारा. या दुसऱ्या पंपाची स्फटिकरचना 2012 मध्ये तैवानच्या संशोधकांनी उलगडली, आणि त्यासाठी त्यांनी घेतलेला पंप होता मुगाचा. नांदेड-लातूरच्या खरिपात मूग घराघरांत ओळखीचा आहे. मूग रात्री भिजत घालून सकाळी फडक्यात बांधले की दुसऱ्या दिवशी पांढरे मोड बाहेर येतात. त्या मोडाच्या वाढत्या भागात पायरोफॉस्फेटवर चालणारे हे पंप विपुल असतात. मोडाचे लांबणेही प्रोटॉनांचेच काम आहे. ऑक्सिन या संप्रेरकाच्या आज्ञेने पेशीपटलातील पंप वेगाने चालतात, भित्तिका आंबट होते, तीतील एक्स्पान्सिन प्रथिने सेल्युलोजच्या धाग्यांमधील पकड सैल करतात आणि आतल्या पाण्याच्या दाबाने पेशी लांबते. आम्लाने पेशी लांबते ही संकल्पना 1970 च्या सुमारास आकाराला आली आणि एक्स्पान्सिने 1992 मध्ये सापडली. फडक्यातल्या मुगाला वेगाने मोड येण्यामागे हे दोन्ही पंप एकाच वेळी राबत असतात, एक भित्तिका सैल करण्यासाठी आणि दुसरा रिक्तिका भरून दाब टिकवण्यासाठी.

पाण्याचा प्रश्न या दोन जिल्ह्यांना कधीच सोडत नाही, आणि येथेही पंप मध्यस्थानी येतो. सकाळी निळा प्रकाश पानावर पडला की रंध्राच्या दोन रक्षक पेशींतील पंप चालू होतात, पेशीचे आतले विभव अधिक ऋण होते, पालाशाचे कण मार्गिकांतून आत ओढले जातात, त्यांच्यामागे पाणी येते, पेशी फुगून वाकतात आणि मधले रंध्र उघडते. मातीत कोरड पडली की ॲब्सिसिक आम्ल हे संप्रेरक पंपाला आवर घालते, पालाश बाहेर जातो आणि रंध्र मिटते. ऑगस्टमधील पावसाच्या खंडात दुपारी सोयाबीनची पाने उन्हाला कड देऊन उभी होतात आणि त्यांची फिकट खालची बाजू दुरून शेतभर चमकते. पर्णदेठाच्या सांध्यातील पेशी प्रोटॉन आणि पालाश यांची अशीच देवाणघेवाण करून हे वळण घडवतात. पाण्याचे परिमाण समजण्यासाठी एक आकडा पुरेसा आहे. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाणी घेऊन आलेल्या पहिल्या रेल्वेगाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी होते. भरात आलेले पीक उन्हाच्या दिवशी सुमारे पाच मिलिमीटर पाणी हवेत सोडते, म्हणजे एका हेक्टरमागे पन्नास हजार लिटर. ती सारी गाडी एका हेक्टरच्या पिकाला दहा दिवस पुरली असती. हे पाणी बहुतांशी रंध्रांतून जाते, आणि रंध्र किती वेळ उघडे राहील हे रक्षक पेशीतील पंप ठरवतो.

म्हणूनच 2021 मध्ये जपान आणि चीनमधील संशोधकांनी भातात पेशीपटलातील पंपाचे प्रमाण वाढवून शेतावर तीस टक्क्यांहून अधिक उत्पादन मिळवल्याचे जाहीर केले तेव्हा त्या निष्कर्षाचे कौतुक करतानाच कोरडवाहू प्रदेशाने सावध राहणे आवश्यक आहे. पंप वाढले तर मुळातून अमोनियम अधिक घेतले जाते, पानांवरची रंध्रे अधिक उघडतात, प्रकाशसंश्लेषण वाढते, हे खरे. पण ही वाढ पाणथळ भाताची आहे. मुळात पंप जोमदार आणि रक्षक पेशीत तो पाण्याच्या हिशेबाने चालणारा, अशी वाटणी मराठवाड्याच्या पिकाला हवी, आणि त्या दिशेने काम करणे अशक्य नाही.

क्षारांविषयी थोडक्यात सांगणे पुरे. कालव्याच्या लाभक्षेत्रात निचरा न झालेल्या जमिनी खारवट आणि चोपण होतात. तेथे मूळ आत शिरलेला सोडियम प्रोटॉनाच्या बदल्यात बाहेर टाकते किंवा रिक्तिकेत कोंडते. पेशीपटलावरील एसओएस-1 आणि रिक्तिकेवरील एनएचएक्स-1 हे या अदलाबदलीचे वाहक आहेत, आणि दोघांचेही इंधन पंपाने उभारलेला प्रोटॉनांचा उतारच आहे. अर्धापूरच्या केळीला लागणारा पालाश आणि सोयाबीनच्या शेंगेत भरणारी साखर यांचा प्रवासही अखेर याच उताराने होतो. त्यांचा विस्तार पुढील प्रकरणांत आहे.

परिभाषेबाबत एक खुलासा आवश्यक आहे. पेशीपटल, रिक्तिका, विकर हे शब्द मराठी शास्त्रलेखनात रुळलेले आहेत आणि ते येथे तसेच वापरले आहेत; सामू, वाफसा, चोपण, हिराकस हे शब्द शेतातून आलेले आहेत आणि त्यांना जाणीवपूर्वक तितकाच मान दिला आहे. ‘प्रोटॉन पंप’साठी संस्कृत प्रतिशब्द घडवण्याचा मोह टाळला आहे, कारण बांधावर उभ्या वाचकाला पंप हा शब्द कोणाकडूनही समजून घ्यावा लागत नाही.

या विषयाशी ओळख वाचनाआधी डोळ्यांनी व्हावी, म्हणून एक सोपा प्रयोग नांदेड किंवा लातूरच्या कोणत्याही महाविद्यालयीन प्रयोगशाळेत करता येण्याजोगा आहे. चायना ग्रास या नावाने किराणा दुकानात मिळणारे आगर पातळ शिजवून त्यात ब्रोमोक्रेसॉल पर्पल हा रंग मिसळावा आणि सामू साडेसहाच्या आसपास आणावा. हा रंग उदासीन द्रवात जांभळा आणि आम्लात पिवळा असतो. आगर कोमट असताना उथळ बशीत ओतून त्यात चार दिवसांच्या हरभऱ्याच्या रोपाचे मूळ हलकेच बुडवावे आणि थिजू द्यावे. काही तासांत मुळाभोवती पिवळे वलय उमटते आणि हळूहळू पसरते. जेथे वलय गडद, तेथे पंप जोरात आहेत. दुसऱ्या बशीत हेच सारे करावे, फक्त आगरात शेतातल्या चुनखडीच्या खड्याची बारीक भुकटी चिमूटभर मिसळावी. त्या बशीतही मूळ तितकेच जिवंत असते आणि त्याचे पंपही चालू असतात. बशी मात्र बराच वेळ जांभळीच राहते.